युद्धानंतरच्या अमेरिकेतल्या या लेखिका लिहायच्या तरी कधी?

पानगळ

नमस्कार. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथे विचारते, लांबलं तर सांभाळून घ्या.

सध्या मी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन लेखिका वाचतेय. ठरवून सुरू केलं नव्हतं, सिल्व्हिया प्लाथचं 'द बेल जार' वाचलं, त्यावरून बेटी फ्रीडनचं 'द फेमिनिन मिस्टीक' (गृहिणींच्या कोंडमाऱ्यावरचं) काढलं (दोन्ही १९६३ ची, आणि दोघीही स्मिथ कॉलेजच्या, फ्रीडन १९४२ ची बॅच, प्लाथ १९५५ ची) आणि मग एकातून दुसरं नाव मिळत गेलं. प्लाथच्या त्या पदवीदानाला पाहुणे होते ॲडलाय स्टीव्हन्सन, डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार, त्या काळातले मोठे उदारमतवादी नेते, आणि त्यांनी या मुलींना काय सांगितलं तर तुम्ही बायको आणि आई म्हणून घरातूनच देशाला आणि नवऱ्याला योग्य दिशा देऊ शकता. आणि हे त्यांचा गौरव म्हणून सांगितलं जात होतं, त्याचाच मला जास्त त्रास होतो.

तर प्रश्न दोन आहेत. युद्धात याच देशातल्या लाखो बायका शिपयार्डात, विमानांच्या कारखान्यात वेल्डिंग, रिव्हेटिंग करत होत्या. मग पाच-दहा वर्षांत प्रत्येक मासिकात तीच एक एप्रनवाली हसरी बाई कशी काय दिसायला लागली? नुसत्या जाहिरातींनी एवढं होतं का?

आणि दुसरा, जो मला जास्त छळतोय: या लिहायच्या कधी? प्लाथ, शर्ली जॅक्सन, एड्रियन रिच, ॲन सेक्स्टन, सगळ्यांच्या घरी लहान पोरं. कविता आणि कथाच जास्त दिसतात त्यामागे हे कारण असेल का, की सलग वेळच मिळत नव्हता? जाणकारांनी लिहा प्लीज.

---

गिरगोट्या

पहिल्या प्रश्नाचं सांगतो. जाहिराती नंतर, आधी पाळणाघरं बंद झाली. युद्धाच्या काळात लॅनहॅम कायद्याखाली सरकारी पैशाने पाळणाघरं चालत होती, जोरात होती तेव्हा साधारण ३ हजार केंद्रं, तो पैसा १९४६ च्या सुरुवातीला थांबला आणि बहुतेक ठिकाणी कुलपं लागली. कॅलिफोर्नियाने राज्याच्या खर्चाने चालू ठेवली, बाकीकडे आई काय करणार सांगा.

दुसरीकडे सैनिक परत आले, त्यांना १९४४ च्या जीआय बिलाखाली कॉलेजची फी आणि स्वस्त होम लोन मिळालं. कारखान्यात सीनियॉरिटीच्या नियमाने बायका आधी बाहेर. मग १९४७ पासून लाँग आयलंडवर लेव्हिटटाउनसारख्या वसाहती उभ्या राहिल्या, एकसारखी हजारो घरं, नवरा गाडी किंवा ट्रेन पकडून शहरात आणि बाई दिवसभर तिथेच, ना आई जवळ ना सासू ना नोकरी. १९५६ मधे बायकांचं पहिल्या लग्नाचं मध्यम वय २०.१ वर्षं होतं, म्हणजे निम्म्या मुलींचं लग्न कॉलेज संपायच्या वयाआधीच.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा, 'सगळ्या घरी गेल्या' हे चित्र अर्धवट आहे. नोकरी करणाऱ्या बायकांचं प्रमाण त्या दशकात वाढलंय, १९५० ला सुमारे ३४ टक्के, १९६० ला ३८ च्या जवळ. फक्त नोकऱ्या कुठल्या तर टायपिस्ट, सेल्सगर्ल, फोन ऑपरेटर. पेपरात नोकरीच्या जाहिरातींचे रकानेच वेगळे असायचे, पुरुषांचे आणि बायकांचे. पगार वेगळा द्यायला कायद्याने बंदी आली ती १९६३ ला.

म्हणजे बाई काम करत होती, फक्त ते काम मोजायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. लेखिकांचंही तेच झालं असं मला वाटतं, पण त्यावर इथले वाचणारे लिहितील.

---

शाईपेन

गिरगोट्या, शेवटचं वाक्य एकदम बरोबर पकडलंत आणि त्यावर शर्ली जॅक्सनपेक्षा चांगलं उदाहरण नाही.

तिचा तो हॉस्पिटलचा प्रसंग आहे, 'लाइफ अमंग द सॅव्हेजेस' (१९५३) मधे, तिसऱ्या बाळंतपणाला ती हॉस्पिटलात पोचते, कळा चालू आहेत, टेबलामागची क्लार्क फॉर्म भरतेय, व्यवसाय काय विचारते, ही सांगते लेखिका, क्लार्क म्हणते गृहिणी, ही परत म्हणते लेखिका, तर ती सरळ म्हणते मी आपलं गृहिणीच लिहिते. पुस्तक विनोदी आहे, लोक हसतात, पण तारखा बघा ना, तोवर 'द लॉटरी' छापून आली होती. जून १९४८, न्यूयॉर्कर. त्या उन्हाळ्यात ३०० च्या वर पत्रं आली तिला, बहुतेक चिडलेल्या, गोंधळलेल्या लोकांची, कथेत गाव चिठ्ठ्या काढून एकाला दगडांनी मारतं, काहींना तर खरंच वाटलं की असा विधी कुठेतरी होतो आणि तो बघायला कुठे जायचं असं विचारणारी पत्रंही त्यात होती. देशभर गाजलेली लेखिका आणि फॉर्मवर गृहिणी.

पानगळ, 'कधी लिहायच्या' याचं उत्तरही त्या कथेतच आहे. तिने नंतर एका भाषणात सांगितलंय की व्हरमाँटमधल्या त्यांच्या गावात ती धाकटीला बाबागाडीत घालून, त्याच गाडीत सामान ठेवून चढ चढत घरी येत होती तेव्हा कथा सुचली, आल्यावर मुलीला प्लेपेनमधे ठेवलं, भाज्या फ्रिजमधे टाकल्या आणि बसून लिहून काढली. (भाषणात तिने जरा रंगवलं असेल असं चरित्रकार म्हणतात, मला तरी त्या चढाचं खरं वाटतं.) चार मुलं, नवरा स्टॅनले हायमन समीक्षक, बेनिंग्टन कॉलेजात शिकवायचा, मोठं घर, सतत पाहुणे, आणि घरात जास्त पैसे कोण आणायचं तर ही. कशातून? बायकांच्या मासिकांतल्या त्या घरगुती गमतीजमतींच्या लेखांतून, ज्यांना समीक्षक साहित्यच मानत नव्हते.

आता ते लेख आणि तिच्या भयकथा शेजारी शेजारी ठेवून वाचा. घर तेच आहे. एकीकडे घर म्हणजे गोंधळ, हरवलेले मोजे, पोरांचे प्रश्न. दुसरीकडे 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस' (१९५९) मधे एलेनॉर, जिची अकरा वर्षं आजारी आईची सेवा करण्यात गेलीत, तिला पहिल्यांदा आपलंसं वाटणारं घर मिळतं आणि ते घर तिला गिळतं. लोक याला भुताची कादंबरी म्हणून वाचतात, वाचू देत, पण मला ती त्या दशकातल्या बाईची सगळ्यात खरी गोष्ट वाटते कारण एलेनॉरला तिथून जायचंच नसतं. बाहेर तिच्यासाठी काही ठेवलेलंच नाही कोणी. तिथे भूत कुठे आहे हा प्रश्नच मागे पडतो.

१९६५ ला गेली, ४८ व्या वर्षी. झोपेत.

---

रेवा_वाचते

धागा छान चाललाय पण एक सांगायचंच आहे, थोडं कळकळीने लिहितेय. आतापर्यंत आलेली सगळी घरं गोऱ्या मध्यमवर्गाची आहेत. लेव्हिटटाउनचं नाव निघालं, तिथे काळ्या कुटुंबांना घर विकायचंच नाही असा नियम होता, तो नंतर कागदावरून गेला तरी प्रत्यक्षात चालूच राहिला. होम लोनचंही तेच. 'घरात कोंडलेली गृहिणी' व्हायलाही आधी तसं घर मिळावं लागतं.

ॲन पेट्रीची 'द स्ट्रीट' वाचा, १९४६ ची. दहा लाखांवर खपली, काळ्या लेखिकेच्या कादंबरीचा एवढा खप त्याआधी झालेला नव्हता. त्यातली लुटी जॉन्सन कनेक्टिकटमधल्या एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबात राहून काम करते, त्यांचा मुलगा सांभाळते, त्यांचं किचन चकचकीत ठेवते, आणि त्या काळात तिचा स्वतःचा मुलगा आईविना आहे आणि नवरा दुसरीकडे गुंततो. मासिकातलं ते सुंदर किचन ज्या हातांनी स्वच्छ होत होतं त्या हातांची ही कादंबरी आहे. शेवटपर्यंत लुटीला वाटत राहतं की कष्ट केले, काटकसर केली की आपणही वर येऊ, आणि हार्लेममधली ती ११६ नंबरची स्ट्रीट तिला एकेक पायरी खाली ओढत जाते. मी ती वाचून दोन दिवस दुसरं काही वाचू शकले नाही.

ग्वेंडोलिन ब्रूक्सला १९५० मधे पुलित्झर मिळालं, हे पारितोषिक मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती, आणि बातमी कळली तेव्हा घरातले दिवे बंद होते कारण विजेचं बिल भरायचं राहिलं होतं, हे तिनेच सांगितलंय. तिची एकच कादंबरी आहे, 'मॉड मार्था' (१९५३), छोटीशी, तुकड्या तुकड्यांची, शिकागोच्या साउथ साइडमधली एक साधी बाई, तिचा नवरा, तिचं एवढंसं किचनेट. त्यात एक प्रकरण आहे जिथे मॉड मार्था एका गोऱ्या बाईकडे कामाला जाते, तिच्या बोलण्यातला तो वरून खाली बघणारा सूर ऐकते आणि ठरवते की उद्या यायचं नाही. आरडाओरडा नाही काही नाही. फक्त उद्या येणार नाही.

आणि ॲलिस चिल्ड्रेस! काळे गायक-अभिनेते पॉल रोबसन यांच्या 'फ्रीडम' पेपरात ती सदर लिहायची, मिल्ड्रेड नावाची घरकाम करणारी बाई आपल्या मैत्रिणीला, मार्जला, दिवसभरातलं सांगतेय असं. १९५६ ला पुस्तक आलं. मालकीणबाई पाहुण्यांना म्हणतात ही तर आमच्या घरातलीच आहे, आणि मिल्ड्रेड नंतर त्यांना समोर बसवून सांगते की घरातली माणसं डायनिंग रूममधे जेवतात आणि मी किचनमधे जेवते. फ्रीडनच्या पुस्तकात या बायका जवळजवळ नाहीतच. ही टीका मी नव्याने करत नाहीये, काळी स्त्रीवादी लेखिका बेल हुक्स हिने १९८४ लाच स्पष्ट लिहून ठेवलंय की गृहिणी बाहेर पडल्यावर तिचं घर आणि मुलं कोण सांभाळणार याचा विचार त्या पुस्तकात नाही.

---

वाळवंटी

रेवा +१. पेट्री वाचली नव्हती, यादीत टाकली.

थोडं अवांतर, पॅट्रिशिया हायस्मिथचंही नाव इथे यायला हवं. 'द प्राइस ऑफ सॉल्ट' १९५२ ला आलं ते क्लेअर मॉर्गन या टोपणनावाने. दोन बायकांचं प्रेम आणि शेवटी दोघी एकत्र, कोणी मरत नाही, कोणी 'सुधारत' नाही, त्या काळात हे जवळपास अशक्य होतं. पण किंमत बघा, दोघींपैकी कॅरोलला आपल्या मुलीचा ताबा सोडावा लागतो. आई असणं हेच शस्त्र म्हणून वापरलं जातं तिच्याविरुद्ध.

---

तळमजला

पानगळच्या दुसऱ्या प्रश्नाकडे परत येतो.

वेळेबद्दल या बायकांनी स्वतःच लिहून ठेवलंय आणि ते वाचताना गलबलतं. एड्रियन रिचचं पहिलं पुस्तक १९५१ ला आलं, येल यंगर पोएट्स मालिकेत, डब्ल्यू. एच. ऑडनने निवडलेलं. प्रस्तावनेत ऑडन कौतुक कसं करतो तर या कविता नीटनेटक्या कपड्यातल्या आहेत, हळू बोलतात, मोठ्यांचा मान ठेवतात. २१-२२ वर्षांच्या कवयित्रीच्या शब्दांबद्दल आहे हे, घरी आलेल्या मुलीबद्दल नाही! मग १९५३ ला लग्न आणि तिशीच्या आत तीन मुलगे. त्यानंतरच्या कविता मुलं दुपारी झोपली की, लायब्ररीत चोरून मिळवलेल्या तासाभरात, किंवा पहाटे तीनला रडणाऱ्या मुलासाठी उठल्यावर तुकड्यातुकड्यांत लिहिल्या असं ती सांगते. 'स्नॅपशॉट्स ऑफ अ डॉटर-इन-लॉ' ही कविता दोन वर्षं अशी लिहिली गेली, आणि ती दहा तुकड्यांचीच आहे. प्लाथच्या शेवटच्या कविताही पहाटे चारच्या, बाळ उठायच्या आधीच्या.

टिली ओल्सेन वयाने रिच आणि प्लाथपेक्षा मोठी, १९१२ चा जन्म. १९३४ ला तिचं लिखाण छापून आलं, लोकांनी वाहवा केली, मग जवळपास वीस वर्षं काही नाही. चार मुली, पोटासाठी मिळेल ती नोकरी, कामावर जाताना बसमधे उभ्या उभ्या लिहायची, रात्री घरकाम उरकल्यावर लिहायची. १९५६ ला जी कथा आली त्यात एक आई इस्त्री करता करता मोठ्या मुलीबद्दल मनात बोलतेय, शाळेतून कोणीतरी विचारायला बोलावलंय, आणि ती हिशोब मांडतेय की या मुलीला मी काय देऊ शकले नाही आणि का. कथेचा वेग इस्त्रीचा आहे, पुढे मागे, पुढे मागे. फार थोड्या पानांत अख्खी महामंदी, नवऱ्याने सोडून जाणं, अनाथालयासारख्या ठिकाणी मुलीला ठेवावं लागणं, सगळं येतं.

आणि वेळ मिळाल्यावर काय होतं तेही दिसलंय. रॅडक्लिफ कॉलेजच्या अध्यक्ष मेरी बंटिंग, स्वतः मायक्रोबायोलॉजिस्ट, नवरा गेल्यावर चार मुलं वाढवलेली बाई, त्यांनी १९६० ला एक संस्था जाहीर केली, शिकलेल्या पण घरात अडकलेल्या बायकांसाठी, वर्षाला ३ हजार डॉलरपर्यंत स्टायपेंड, बसायला ऑफिस, हार्वर्डची लायब्ररी. १९६१ च्या पहिल्याच तुकडीत ॲन सेक्स्टन आणि मॅक्सिन क्यूमिन, पुढच्या वर्षी ओल्सेन सॅन फ्रान्सिस्कोहून आली. सेक्स्टनकडे धड कॉलेजची डिग्रीसुद्धा नव्हती, मानसिक आजारातून उठताना डॉक्टरने सुचवलं म्हणून लिहायला लागलेली. ती आणि क्यूमिन दोघींनी आपापल्या टेबलापाशी खास फोन बसवून घेतले होते, लाइन तासन् तास चालू, एक कवितेवर काम करतेय, दुसरी तिकडे, आणि वाचून दाखवायचं झालं की फोनमधे शिट्टी मारायची. १९६७ ला सेक्स्टनला पुलित्झर, १९७३ ला क्यूमिनला. ओल्सेनने त्या संस्थेतच जे भाषण दिलं, लिहू न शकलेल्या लोकांबद्दलचं, त्यातूनच पुढे तिचं 'सायलेन्सेस' (१९७८) झालं.

त्यामुळे पानगळ, तुमचा अंदाज बराचसा बरोबर आहे असं माझं मत.

---

गिरगोट्या

तळमजला, छान लिहिलंय, पण 'वेळ नाही म्हणून कविता' हे मला पूर्ण पटत नाही. जॅक्सनने चार मुलं सांभाळून सहा कादंबऱ्या पूर्ण केल्या. कथांकडे वळण्यात पैशाचाही भाग होता, मासिकं रोख पैसे द्यायची, कादंबरीचं काही सांगता येत नाही. आणि वेळेइतकीच परवानगी अडचणीची होती. रिच स्वतःच म्हणते की त्या 'स्नॅपशॉट्स' कवितेत तिला 'मी' लिहायचं धाडस झालं नाही, सगळीकडे 'ती'. दोन वर्षं काम केलेल्या कवितेत 'मी' येत नाही याला झोप न झालेली कारणीभूत नाही.

---

तळमजला

मान्य, परवानगीचा मुद्दा धरायलाच हवा. पण ऑफिस आणि पगार मिळाल्यावर ती परवानगी आपोआप आली हेही खरं ना. संस्थेचं पत्र हातात आलं की नवरा, शेजारी, आई सगळ्यांना एकदम पटतं की हे काम आहे.

---

पानगळ

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. रेवा, लुटी जॉन्सनचं वाचून मी आधी वाचलेलं सगळं परत उघडून बघतेय की त्या घरांमधे कामाला कोण होतं, आणि बऱ्याच ठिकाणी आहे कोणीतरी, फक्त नाव नाही.

एक राहिलं. फ्रीडनने त्या पुस्तकात जॅक्सनवर टीका केलीये ना? ते वाचून मला वाईट वाटलं होतं, दोघी एकाच बाजूच्या असायला हव्या होत्या असं वाटलं.

---

शाईपेन

हो केलीये. जॅक्सन, जीन केर, फिलिस मॅकगिन्ली अशा लेखिकांवर, की या स्वतः मेहनतीने लिहितात, नाव कमावतात आणि वाचणाऱ्या बाईसमोर मात्र मी पण तुझ्यासारखीच साधी गृहिणी म्हणून येतात, आणि ती बिचारी समजते की हसून घेणं हाच उपाय. मॅकगिन्लीने १९६४ ला गृहिणीपणाची बाजू घेऊन पुस्तकच लिहिलं उत्तरादाखल.

फ्रीडनचा राग मला समजतो. तिच्यावरही गेलं होतं ते, युनियनच्या पेपरात पत्रकार होती, दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी नोकरी गेली असं ती सांगते, मग बायकांच्या मासिकांसाठी लेख. १९५७ मधे आपल्या स्मिथच्या मैत्रिणींना प्रश्नावली पाठवून जे हाती आलं त्यावरचा लेख मासिकांनी घेतला नाही, एका मासिकाने तर घेऊन त्याचा अर्थच उलटा करून टाकला म्हणून तिने परत मागवला. म्हणून पुस्तक. अशा बाईला विनोदी लेख बघून चीड येणारच.

पण जॅक्सनबाबत ती कमी पडली असं माझं स्पष्ट मत आहे. त्या हॉस्पिटलच्या प्रसंगात जॅक्सन 'मी गृहिणीच' म्हणत नाहीये, ती दोनदा 'लेखिका' म्हणतेय आणि समोरची लिहून घेत नाहीये. फ्रीडनला पाहिजे होतं ते सगळं त्या अर्ध्या पानात आहे, दहा वर्षं आधी, आणि लाखो गृहिणींनी ते वाचलं होतं.

---

रेवा_वाचते

शाईपेन, हा मुद्दा आवडला.

पानगळ, पुढे काय वाचू असं विचारणार असाल तर आधीच सांगते, हिसाये यामामोटोची 'सेव्हंटीन सिलेबल्स' ही कथा घ्या, १९४९ ची. लेखिका जपानी-अमेरिकन, युद्धात ॲरिझोनामधल्या पोस्टनच्या छावणीत डांबलेली, कथा मात्र त्याआधीच्या कॅलिफोर्नियातल्या शेतावरची. आई दिवसभर टोमॅटोच्या शेतात राबते आणि रात्री टोपणनावाने हायकू लिहिते, ते जपानी पेपरात छापून येतात. एका स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळतं, संपादक स्वतः हिरोशिगे या जुन्या जपानी चित्रकाराचं चित्र घेऊन घरी येतो, ती त्याला चहा द्यायला आत जाते, बाहेर टोमॅटो उन्हात पडलेत, वेळेत खोक्यात भरले नाहीत तर खराब होणार. नवरा थोडा वेळ थांबतो, मग आत जातो, चित्र बाहेर आणतो, कुऱ्हाडीने फोडून जाळतो. नंतर आई किशोरवयीन मुलीकडून वचन मागते, कधीही लग्न करू नकोस.

इथे वेळ, पैसा, परवानगी, तुम्ही लोक ज्यावर वाद घालताय ते तिन्ही एकाच दुपारी आलंय. नवरा खलनायक नाहीये हे पण बघा, त्याचा माल खरंच सडणार असतो. यामामोटोने पुढे लग्न केलं, पाच मुलं वाढवली, फार थोडं लिहिलं, आणि अमेरिकेत तिचा कथासंग्रह निघायला १९८८ उजाडलं. कथा छोटी आहे, एका बैठकीत होते. मुलगी वचन देते का ते सांगत नाही, वाचून इथेच लिहा.